बाबा, बालदी आणि तीन पॉइंट

जूनमध्ये बाबांना 66 पूर्ण झाली आणि मी त्यांना घरी बिअर बनवायचं किट गिफ्ट दिलं. आमच्या बाबांना ओळखणारे लोक हे वाचून इथंच हसायला लागतील, कारण बाबा गोव्याच्या एक्साइज खात्यात एकतीस वर्षं होते. गार्ड म्हणून लागले, सब-इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. पत्रादेवीचा नाका, मोलेचा नाका, सत्तरीतल्या काजूच्या भट्ट्या, फेणी बाटलीत भरणारे छोटे छोटे कारखाने, सगळीकडे फिरले. दुसऱ्यांनी केलेली दारू मोजत आयुष्य गेलं, स्वतः कधी थेंबभर केली नाही. मला वाटलं काय मस्त आयडिया आहे! आयुष्यभर पंक्तीत वाढप्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला एकदा तरी स्वैपाकघरात सोडावं.

रिटायर झाल्यापासून बाबा माशेलच्या घरात नुसते फिरत असायचे. सकाळी पेपर, मग नळाचा वॉशर बदल, मग माडाखाली पडलेल्या चुडत्या मोज, मग आईला सांग की पेपरात काय आलंय. आई एकदा मला फोनवर म्हणाली, "ह्यांका कितें तरी हाडून दी गो, ना जाल्यार हांव नोकरेक वतां." (म्हणजे ह्यांना काहीतरी आणून दे, नाहीतर मीच नोकरीला जाते. आमच्याकडे बोलणं कोंकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत, त्यामुळे लेखात हे असं मिसळणारच.) आईला बहुतेक टॅब वगैरे म्हणायचं होतं.

तर मी किट शोधायला लागले. पणजीला ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, रात्री जेवण झाल्यावर, तीन आठवडे तरी हेच चाललं होतं. या विषयावर इंटरनेटवर जे लिहिलंय ते बहुतेक अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या लोकांनी, आणि त्यांच्या सगळ्या घरांत हवा थंड आहे. हे मला फार उशिरा लक्षात आलं. "बादली घराच्या कोपऱ्यात ठेवा, रूम टेंपरेचरला" असं ते निवांत लिहितात, आणि त्यांचं रूम टेंपरेचर म्हणजे 20 अंश. आमच्या माशेलच्या घरात 20 अंश बघायचे तर फ्रिजचं दार उघडावं लागतं.

आता थोडं किटविषयी, कारण कोणाला खरंच घ्यायचं असेल (थांबा, घेऊ नका, पुढे वाचा). सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे डब्यातला काकवीसारखा घट्ट माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा अर्क, त्यात हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा आधीच घातलेला. डबा गरम पाण्यात ओता, साखर घाला, बालदी पाण्याने भरा, वरून यीस्ट भुरभुरवा, झाकण लावा, झालं. दोन मिनिटांच्या नूडल्ससारखं. बाबांना हे दिलं असतं तर त्यांनी डब्यावरचं लेबल वाचलं असतं, एक्स्पायरी बघितली असती आणि डबा कपाटात ठेवला असता. दुसऱ्या टोकाला, मोड आणून वाळवलेले जव भरडून आणा, 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते, मग गाळा, मग तासभर उकळा. यात मजा आहे हे कळत होतं, पण त्यासाठी जे पातेलं लागतं ते आमच्याकडे फक्त गणपतीला माळ्यावरून खाली येतं आणि त्याला कोणी बिअर लावली तर आई मला घरात घेणार नाही.

म्हणून मधला मार्ग. माल्टची कोरडी पावडर, हॉप्सच्या हिरव्या गोळ्या वेगळ्या, यीस्टची पुडी वेगळी. उकळायचं, हॉप्स कधी घालायचे ते घड्याळ लावून बघायचं, गार करायचं. हाताला काम आहे, पण कंबर मोडत नाही. कंबरेचा मुद्दा मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. बिगिनर किट म्हणून जी सर्रास विकतात ती 23 लिटरची. 23 लिटर म्हणजे आपल्या मोठ्या 650च्या पस्तीस बाटल्या, आणि भरलेली बालदी उचलून ओट्यावर ठेवायची कोणी, तर सहासष्टीच्या माणसाने, ज्याला दोन वर्षांपूर्वी गॅस सिलिंडर हलवताना चमक भरली होती. मी पाच लिटरचं घेतलं. सात बाटल्या होतात. बिघडलं तर सात बाटल्यांचंच बिघडतं, आणि जमलं तर पुन्हा करायला निमित्त राहतं. काचेचा मोठा बुधला दिसायला सुंदर असतो, मला फार मोह झाला होता, पण ओल्या हातातून सटकला तर काय होतं त्याचे फोटो लोकांनी टाकलेत ते बघितले आणि गुपचूप प्लास्टिकची फूड-ग्रेड बालदी घेतली. झाकणाला भोक, भोकात रबरी बूच, बुचात तो एअरलॉक, म्हणजे एक छोटी वाकडी नळी जिच्यात पाणी असतं, आतला गॅस बुडबुड करत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला यीस्टने. नेहमीच्या एल यीस्टला (एल हा बिअरचाच एक प्रकार) 18 ते 22 अंश आवडतात, तीसच्या वर नेलं तर ते मेलं वगैरे नाही, उलट जोरात धावतं, पण धावता धावता असली जड अल्कोहोलं तयार करतं की पिणाऱ्याचं डोकं दुसऱ्या दिवशी दारात अडकतं, आणि चवीला थिनरसारखं लागतं. तिकडचे लोक म्हणतात टबात पाणी भरून बर्फाच्या बाटल्या टाका, वर ओला टॉवेल गुंडाळा. ठीक आहे, पण दोन आठवडे? मग मला क्वाइकचा शोध लागला. हे नॉर्वेच्या खेड्यांतलं यीस्ट, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात वाळवून जपलेलं, लाकडी कड्यांवर आणि कापडांवर, आणि गंमत अशी की इतक्या थंड मुलुखातलं हे यीस्ट 35-40 अंशांत खुशाल काम करतं. नॉर्वेचं यीस्ट आणि गोव्याचा उकाडा, पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली म्हणा की! किटमधलं यीस्ट बदलून मी हे मागवलं.

आणि हायड्रोमीटर, म्हणजे पातळ पदार्थ पाण्याच्या मानाने किती जड आहे ते तरंगून दाखवणारी काचेची नळी. साधं पाणी 1.000, साखर विरघळली की आकडा वर, साखरेची दारू झाली की खाली. हा किटमध्ये नव्हता, वेगळा घ्यायचा होता, वर त्याची उंच नळकांडी वेगळी. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की नवशिक्याला गरज नाही, एअरलॉकचे बुडबुडे थांबले की समजा झालं. मी कार्टमधून काढून टाकला होता. मग परत घातला. कारण फोटोत ती काचेची बारीक मानेची, खाली फुगीर पोटाची नळी बघितली आणि मला बाबांची खाकी बॅग आठवली. बॅगेत एक लाकडी पेटी असायची, आतून निळं मखमल, त्यात तशीच नळी झोपलेली. पेटीला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला देवाच्या खालोखालचा नियम होता.

एकदा एप्रिलमध्ये, मी आठेक वर्षांची असेन, सुट्टी होती आणि आईला कुठेतरी जायचं होतं म्हणून बाबा मला स्कूटरवर पुढे उभी करून सत्तरीत भट्टीवर घेऊन गेले. काजूच्या सीझनमध्ये ते सगळं रान एका वासाचं होतं, बोंडूंचा गोड, थोडा सडका, नाकात बसणारा वास. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पायाने तुडवलेल्या बोंडूंचा ढीग, त्याच्यावर दगडाचं वजन, खालून थेंब थेंब नीरो. पिंपांत आंबलेला रस, वर फेस. त्यात कोणी यीस्ट घालत नाही, पुडी नाही, काही नाही, ते बोंडूबरोबर आपलं आपण येतं. चुलीवर तांब्याचं भाण, नळीतून वाफ येऊन ज्या भांड्यात पडते ती लावणी, आणि एक बाई लावणीवर सतत गार पाणी ओतत बसलेली. पहिल्यांदा उतरतो तो उर्राक, तो पुन्हा रसाबरोबर चढवून उतरवला की फेणी. बाबांनी पेटी उघडली, नळकांडीत उर्राक घेतला, काचेची नळी त्यात सोडली, दोन बोटांनी गिरकी दिली आणि गुडघ्यावर बसून डोळा पातळीला आणला. "पंदरा ग्राव." (ग्राव म्हणजे दारूचा कडकपणा मोजायचं आमच्याकडचं माप.) भट्टीवाला हसला, तो म्हणाला मी ओतताना फेस बघूनच सांगितलं होतं पंधरा. मग त्याने मला पेलाभर नीरो दिला आणि बाबांना दुसरा काहीतरी द्यायला लागला. बाबांनी घेतला नाही, ड्यूटी म्हणाले, आणि माझ्या नीरोचे दोन रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो मनापासून रागावला. पेलाभर नीरोचे कोणी पैसे देतं का, काजूच्या सीझनमध्ये, सत्तरीत?

तर हायड्रोमीटर घेतला.

खोका आला. वाढदिवसाच्या सकाळी मी माशेलला गेले, आईने खीर केली होती, बाबांनी खोका कात्रीने टेप कापून शिस्तीत उघडला, टेपची गुंडाळी करून खिशात टाकली. एकेक वस्तू टेबलावर मांडली. बालदी. एअरलॉक. सायफनची नळी. बुचं मारायचं मशीन. निर्जंतुक करायचं लिक्विड. माल्ट. हॉप्स त्यांनी उघडून वास घेतला आणि म्हणाले गांजासारखा वास येतो (दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, हे त्यांना माहीत होतं, नाक मात्र त्यांनी तसं वाकडं केलं की आई घाबरली). माहितीपत्रक वाचायला घेतलं. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेले आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं.

"आनी लायसन्स?"

मी म्हटलं, बाबा, हे ऑनलाइन उघड उघड विकतात, घरगुती आहे, पाच लिटर, विकायचं थोडंच आहे.

"बालदी विकूंक लायसन्स लागना. बालदयेंत तूं कितें करता ताका लागता."

एक्साइजवाल्याची मुलगी मी, आणि तीन आठवडे यीस्टचं तापमान बघत बसले पण हे सुचलं नाही. ज्यांचे लेख मी वाचत होते त्या लोकांना परवानगी होती म्हणून त्यांनी तो विषय काढलाच नव्हता. इंग्लंडमध्ये घरी स्वतःपुरती बिअर करायला लायसन्स लागायचं ते 1963मध्ये काढून टाकलं. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978मध्ये सही केली तेव्हा कुठे घरगुती बिअर केंद्राच्या करातून सुटली. आणि आमच्याकडे इंग्लंडच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1964ला, गोवा, दमण आणि दीव एक्साइज ड्यूटी कायदा आला, ज्यात मद्य तयार करायचं तर लायसन्स पाहिजे. बाबांनी हा कायदा एकतीस वर्षं लोकांना वाचून दाखवला होता. आता वाढदिवसाला लेकीने आणलेल्या बालदीसमोर बसून त्यांनी तो मला वाचून दाखवला. म्हणजे खरंच, आतल्या खोलीतून पुस्तक आणून.

आई म्हणाली बेश्टेच पयशे घालयले, उगाच पैसे घालवले. मला रडू येईल असं वाटत होतं, चाळीशीला आलेल्या बाईला बिअरच्या किटवरून रडू येणं बरं दिसत नाही म्हणून मी खीर खात राहिले.

पुढचे दोन आठवडे मी तो विषय काढला नाही. मधेमधे आईचे फोन. माल्टची पावडर तिने ताब्यात घेतली होती आणि नाचणीच्या तिझणात घालत होती, म्हणाली गुळाच्या जोडीला चांगली लागते, आणखी मिळते का बघ. हॉप्स फ्रिजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी. क्वाइकची पुडी देवघराच्या खणात, का ते विचारू नका. बालदी धुऊन उपडी.

"आणि बाबा?"

"ती नळी घेऊन बसतात."

झालं होतं असं की हायड्रोमीटर बाबांनी उचलला होता. आधी विहिरीच्या पाण्यात सोडून बघितला, 1.000 दाखवायला पाहिजे, थोडासा खाली दाखवला. मग शहाळ्याच्या पाण्यात, 1.020च्या जवळ. मग बाजारातून उसाचा रस आणून त्यात, 1.075, तेव्हा म्हणे बाबांनी एकट्यानेच शीळ घातली. मग दुधात. रोज दूध घालणारा जो पोरगा आहे त्याच्या दुधात नळी 1.026वर थांबली. चांगलं गाईचं दूध 1.028च्या वर असायला पाहिजे. बाबांनी दोन दिवस त्या पोराशी बोलणं बंद केलं, तिसऱ्या दिवशी त्याला पडवीत उभं करून चौकशी सुरू केली, पाणी किती घालतोस, कुठल्या विहिरीचं. पोरगा बिचारा देवाची शपथ घेत होता. मग संध्याकाळी बाबांनी नळीच्या आतला कागद भिंगातून वाचला, त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 20 अंश सेल्सिअस. म्हणजे नळीचं माप 20 अंशांसाठी. आमच्या स्वैपाकघरात 30. पातळ पदार्थ गरम झाला की हलका होतो, नळी जास्त बुडते, आकडा अडीच पॉइंटांनी कमी दिसतो (0.001 म्हणजे एक पॉइंट). 1.026 अधिक अडीच. दूध एकदम स्वच्छ होतं, आणि विहिरीचं पाणी का खाली दाखवत होतं तेही कळलं. दुसऱ्या दिवशी बाबा सकाळी सहाला गेटवर उभे, पोरगा आला तशी त्याची माफी मागितली आणि त्याला नळी कशी वापरायची ते शिकवायला लागले, त्याला पुढे बारा घरी दूध घालायचं होतं तरीही.

मी त्या शनिवारी गेले तेव्हा बाबा नळीचा इतिहास सांगत होते. ब्रिटिश संसदेने 1816मध्ये कायदाच करून साइक्सचा हायड्रोमीटर एक्साइजसाठी पक्का केला, म्हणजे ही वस्तू एक्साइजवाल्यांची, बिअर करणारे मागाहून आले (यात थोडी खात्याची बढाई आहे, बिअरवाले पण अठराव्या शतकाच्या शेवटापासून वापरत होते, पण वाढदिवस नुकताच झाला होता, मी काही बोलले नाही). आपल्याकडच्या दारूच्या बाटलीवर 42.8 टक्के अल्कोहोल असा विचित्र आकडा का असतो माहिती आहे का, म्हणाले. ते साइक्सचं 75 अंश प्रूफ, प्रूफ म्हणजे कडकपणाचं जुनं ब्रिटिश माप. शंभर प्रूफ म्हणजे 57.1 टक्के, त्याचे पाऊण कर. मी पाऊण केले. 42.8. इतकी वर्षं बारमध्ये बसून हा आकडा बघितला आणि कधी विचारलं नाही.

मग मी हळूच म्हटलं, बाबा, जिंजर बिअर करूया? आल्याची. नाव बिअर आहे पण मद्य नाही.

"मद्य ना म्हण कोण सांगता?"

आणि इथे त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते किट उघडताना यायला पाहिजे होतं. कारण मद्य नाही हे कोणीतरी मोजायला पाहिजे ना. आलं किसून साखरपाण्यात ठेवलं की आल्याच्या सालीवरचं यीस्ट जागं होतं, साखर खातं, आणि साखर खाल्ली की गॅस आणि अल्कोहोल दोन्ही होणार, अर्धं अर्धं, ते गोव्याच्या कायद्याला विचारून होत नाही. बाबांनी माझ्या फोनवर शोधायला लावलं. खाद्यसुरक्षा खात्याच्या 2018च्या नियमांत अल्कोहोलिक पेय म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर. बाबांच्या मते अर्ध्या टक्क्याच्या खाली राहिलं तर ते सरबत. वर गेलं तर मुद्देमाल.

आता गणित. सुरुवातीचा आकडा वजा नंतरचा आकडा, गुणिले 131.25, म्हणजे अल्कोहोलचा टक्का. बाबांनी पाच लिटरला अर्धा किलो साखर धरली, सुरुवात 1.040. चार पॉइंट उतरलं, 1.036 झालं, की 0.525. ओलांडलं. साडेतीन वाचता येत नाही, नळीवर रेघा दोन-दोन पॉइंटांच्या. म्हणून हद्द ठरली तीन. तीन पॉइंट, 0.39 टक्के, तिथे सगळं उचलून फ्रिजमध्ये, थंडीत यीस्ट झोपतं.

पण खरी गोम पुढे आहे. जिंजर बिअरला सोड्यासारखा दणदणीत फेस पाहिजे असेल तर लिटरमागे दहाएक ग्रॅम साखर यीस्टच्या पोटात जायला लागते, आणि दहा ग्रॅम साखर म्हणजेच चार पॉइंट. म्हणजे फेस आणि गुन्हा एकाच स्टेशनवर उतरतात. मी म्हटलं जाऊ दे, थोडा कमी फेस. बाबा म्हणाले तेच तर बघायचं. वही काढली. आईची जुनी रेशनची वही, पण पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखले, तारीख, वेळ, तापमान, रीडिंग, शेरा, सही. तापमानाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुपारी 32 आणि पहाटे 28 असेल तर नळी एक पॉइंट नुसत्या हवेने इकडेतिकडे करते, आणि आपल्याकडे पॉइंट आहेत किती, तर तीन. गॅसचे बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात म्हणून सॅम्पल आधी दोन पेल्यांत चहासारखं वरखाली ओतायचं. मग नळी सोडायची, दोन बोटांनी गिरकी, गुडघा टेकून डोळा पातळीला. गुडघ्याखाली आता उशी लागते, बाकी सगळं सत्तरीसारखंच.

पहिली खेप पाणचट झाली. दुसरीत लिंबू जास्त. तिसरी चांगली होती, खरंच चांगली, जिभेला आल्याचा चटका आणि नाकात गॅस. आल्याचं विरजण आमच्या हवेत दीड-दोन दिवसांत फसफसतं, तिकडचे लोक पाच दिवस सांगतात. बाटल्यांसाठी मी काचेच्या आणणार होते, बाबांनी सोड्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या, कारण प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते, मऊ लागली की अजून वेळ आहे, टणक झाली की फ्रिज, आणि काचेची बाटली आत किती गॅस झालाय ते फुटूनच सांगते.

मग आली आषाढी एकादशी. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, आमच्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो. अंगाला तेल लावून, डोक्यावर पाऊस घेत पुरुष आणि मुलं चिखलात लोळतात, लहानपणीचे सगळे खेळ खेळतात, आणि मग वाड्यावरची पोरं आमच्या विहिरीवर अंग धुवायला येतात. बाबांनी ठरवलं होतं की पोरांना यंदा जिंजर बिअर द्यायची. पाच लिटर केली, दहा बाटल्या. रीडिंग घेतलं, तीनच्या आत. बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आईचा उपास होता, तिने विचारलं आलं उपासाला चालतं का, बाबा म्हणाले आलं चालतं, यीस्टचं भटजींना विचारावं लागेल.

सात वाजता वारा सुटला, कुठेतरी फांदी पडली असणार, वीज गेली. ती आली पहाटे पाचला.

दहा तास. सकाळी मी फ्रिज उघडला तर आत गारवा कसला, बाटल्या दगडासारख्या. एक उघडली तर अर्धी छताला. बाबांनी काही न बोलता उरलेल्यातून सॅम्पल घेतलं, दोन पेल्यांत ओतलं, तापमान घेतलं, नळी सोडली. बराच वेळ बसून राहिले. मग भिंग मागितलं.

1.033. सात पॉइंट. 0.92 टक्के.

मी म्हटलं बाबा, एक टक्का पण नाही, मोठी माणसं पितील, आपणच पिऊया. मैदानावरून ढोल ऐकू यायला लागला होता. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. सगळ्या बाटल्या मागच्या दारी नेल्या, एकेक उघडून माडाच्या आळ्यात ओतली, फेसाचा इतका ढीग झाला की कोंबड्या बघायला आल्या. मग पडवीत येऊन वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. एकादशी-द्वादशीच्या दरम्यान वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे. अंदाजे पाच लिटर. पंचांसमक्ष नष्ट केले. पंच क्रमांक एक, आई, जिच्या हाताला नारळाची खवण होती, तिने तिथेच ओल्या हाताने सही केली. पंच क्रमांक दोन मी.

पोरं आली, चिखलाने फक्त डोळे दिसत होते, त्यांनी कोकम सरबत प्यायलं आणि पंचखाद्य खाल्लं, आणि ज्याला गेल्या आठवड्यात जिंजर बिअर मिळाली होती त्याने विचारलं ती फुसफुस कुठंय. बाबा म्हणाले जप्त झाली.

संध्याकाळी पणजीला परत निघताना मी ती वही पुन्हा एकदा उघडून बघितली, माझी सही बरोबर रकान्यात आहे ना म्हणून. खाली, सह्यांच्या पण खाली, पेन्सिलने एक ओळ होती, जी सही करताना तिथे नव्हती.

नमुना राखून ठेवला: एक चमचा. फेस उत्तम.